दुसरी लाल मूठ

"गाभा दिदांचा आहे. हात काढ," विन्का म्हणाली.

"मग मी काय साल खाऊ?" ओर्सातने विचारलं.

"साल डुकरांसाठी असते. पण तुला चालेल."

क्रोएशियातल्या नेरेत्वा नदीच्या मुखाशी, बांधावर बसून तिघं कलिंगड खात होती. तेरा वर्षांची विन्का, तिचा धाकटा भाऊ याक्शा आणि सुट्टीला आलेला मावसभाऊ ओर्सात. कलिंगडाचा मधला गोड भाग दिदांना, म्हणजे आजोबांना जायचा, हा घरचा कायदा होता. ओर्सात आल्यापासून रोज तो मोडायचा प्रयत्न करत होता.

"भांडा नंतर," याक्शा म्हणाला. "तिहानाच्या त्या चेक माणसाचं काहीतरी बिनसलंय."

विन्काची मोठी बहीण तिहाना खालच्या पतंगशाळेत शिकवायची. दुपारचा वारा जोरात होता. उथळ पाण्यावर वीसेक मोठे पतंग माणसांना फळ्यांवरून ओढत होते. त्यातले दोन एकमेकांत गुंतले होते. दुसऱ्या पतंगाच्या माणसाने आपला पतंग केव्हाच सोडून दिला होता. लिबोर नावाचा तो चेक माणूस मात्र अजून ओढला जात होता.

त्याची चूक नव्हती. त्याने कमरेवरची लाल मूठ पुढे ढकललेली बांधावरूनही दिसली. मूठ सुटली की दांडी हातातून जाते, पतंग फक्त कंबरपट्ट्याच्या जोडदोरीला लटकतो आणि झेंड्यासारखा फडफडत पाण्यावर पडतो. एरवी तसाच पडला असता. पण तो दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकला होता. पडता पडता त्यात पुन्हा वारा भरला आणि तो गरगर फिरू लागला.

"दुसरी मूठ!" विन्का उठून ओरडली. जोडदोरीच्या कमरेकडच्या टोकाला आणखी एक लाल मूठ असते. ती शेवटची. ती ढकलली की पतंगाशी असलेलं नातंच संपतं.

लिबोरचे दोन्ही हात कमरेशी होते. तरी काही सुटलं नाही. पतंगाने त्याला पाण्यातून बाहेर काढलं आणि धक्क्याच्या दगडांवर नेलं. तिहाना तिथे पोचली, तेव्हा तो पहिल्या दगडावर आदळून दुसऱ्याकडे चालला होता. तिने आकड्यासारख्या वाकड्या सुरीने जोडदोरी कापली. पतंग उडून गेला. लिबोर तिथेच पडून राहिला. त्याच्या खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं.

रुग्णवाहिका गेल्यावर पतंगशाळेचा मालक लोव्रे किनाऱ्यावर आला. दणकट अंगाचा, कायम उघडा, गळ्यात शिट्टी.

"काय शिकवलंस त्याला?" सगळ्यांसमोर त्याने तिहानाला विचारलं.

"दोन्ही मुठी शिकवल्या. त्याने दुसरी ढकलली. ती उघडली नाही."

"उघडली नाही." लोव्रेने तिच्या हातातला जोडदोरीचा तुकडा हिसकावून घेतला, मूठ गुडघ्यावर दोनदा ठोकली आणि अंगठ्याने ढकलली. खट् करून कडी सुटली. "लोण्यासारखी चालते. माणूस घाबरला, कारण शिकवणारी बिनडोक होती. उद्या बंदर कचेरीतून बाई येतायत. परवाना त्यांच्या हवाली कर, म्हणजे मला तुला हाकलायचे कष्ट पडणार नाहीत."

तो परवाना मिळवायला तिहाना तीन हिवाळे संत्र्यांच्या वखारीत पेट्या भरत होती.  दोरी कापताना तिचाही तळवा चिरला होता आणि रक्त वाळूत पडत होतं.

"तुमच्या गुडघ्याला खाज सुटली होती का?" विन्काने विचारलं.

लोव्रेने खाली पाहिलं. "काय?"

"मूठ आधी ठोकलीत. का?"

"ए पोरी, घरी जाऊन कोंबड्या मोज."

घरी जाताना ओर्सात म्हणाला, "सवय असेल त्याची ठोकायची."

"आपोआप उघडणारी वस्तू ठोकायची सवय कुणाला लागते?"

  "याक्शा कुठाय?" ओर्सातने विषय बदलला.

याक्शा शाळेच्या कोठीमागे होता. तिथे तारेवर जोडदोऱ्या वाळत घातलेल्या होत्या. ही दोघं परत गेली, तेव्हा तो एकेका मुठीची कडी चाटत होता.

"खारट," तो म्हणाला. "ही पण. ही तर फारच."

"समुद्रातली वस्तू खारट लागते," ओर्सात म्हणाला. "याला कुणीतरी पदक द्या."

"पण हे लोक रोज संध्याकाळी नदीत धुतात ना? गोड्या पाण्यात? मग मीठ कसं?"

विन्काने एक मूठ हातात घेतली. कडीच्या फटीत पांढरा, खरखरीत थर होता, गाळ आणि मीठ एकत्र वाळलेलं. तिने अंगठ्याने ढकललं. मूठ जेमतेम हलली.

"माझ्या वस्तू चाटता?" लोव्रे कोपऱ्यावर उभा होता. "कुत्री आहात का? पुन्हा इथे दिसलात तर कान उपटून याच तारेवर वाळत घालीन."

तिघं पळाली. पण धक्क्यापाशी विन्का थांबली. लोव्रेचे मदतनीस जाळीच्या टोपलीत दिवसभराचं सामान भरून ती दोराने नदीत सोडत होते. टोपली तळाला टेकली तसा दोर सैल पडला.

 त्या रात्री जेवताना विन्काने तिहानाला मिठाबद्दल सांगितलं.

"सामान रोज धुतात. मी पहिली मूठ रोज सकाळी स्वतः तपासते," तिहाना चिडून म्हणाली.

"आणि दुसरी?"

तिहानाने काटा खाली ठेवला. "दुसरी उघडून बघायची नाही असा लोव्रेचा हुकूम आहे. सराव करताना पतंग सुटून समुद्रात जातो म्हणे." मग हळू आवाजात, "मीही कधी ढकलून बघितली नाही. धुतात म्हणून गृहीत धरलं."

"पतंग उडवणं हे काम आहे होय?" दिदा ताटावरून मान न उचलता म्हणाले. "मी सांगितलं होतं. माझं या घरात कोण ऐकतं?"

सकाळी बागेला पाणी द्यायची पाळी ओर्सातची होती. पंपाची नळी खांद्यावर घेऊन तो कालव्याकडे निघाला, आणि तिच्या तोंडाशी बांधलेला पत्र्याचा रिकामा डबा त्याच्या पायांत येऊ लागला. तो डबा सोडवून फेकणार, एवढ्यात दिदा गरजले.

"डबा काढलास तर तुला त्याच्या जागी बांधीन."

"पण हा कशाला लागतो?"

"नळी तरंगायला. तळाला गेली तर माझी झाडं मारशील, शहरी गाढवा."

विन्का झाडाखाली होती. ती उठून उभी राहिली. डबा तिने जन्मापासून पाहिला होता, खोऱ्यात प्रत्येकाच्या नळीला तो असतो. उन्हाळ्यात नदी क्षीण होते. मग समुद्राचं पाणी, जड असल्यामुळे, नदीच्या तळातून कित्येक मैल आत सरकतं आणि गोडं पाणी त्याच्यावर पातळ थरासारखं वाहतं. वरचं पाणी झाडांना चालतं. खालचं त्यांना जाळतं.

"टोपली," ती म्हणाली. "ते टोपली तळाला सोडतात."

 ओर्सातने डबा काळजीपूर्वक खाली ठेवला. "म्हणजे ते सामान मिठात धुतात. रोज."

"आणि पहिली मूठ रोज उघडली जाते म्हणून मोकळी राहते. दुसरीत मीठ साचत जातं."

"सिद्ध कसं करणार? लोव्रे म्हणेल, पोरं चाटत फिरतात."

विन्काने एका बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी बांधली. बंद बाटली तळाला सोडायची, सुतळीला झटका द्यायचा, बूच निघालं की तळाचंच पाणी आत शिरतं. धक्क्यावरून त्यांनी बाटली सोडली, बुडबुडे आले आणि त्याच वेळी लोव्रेचा पाय आला. त्याने दोरावर लाथ मारली. बाटली गेली.

"मासे धरायचे तर दुसरीकडे धरा."

"मासे नाहीत," याक्शा म्हणाला. "तुमचं धुण्याचं पाणी बघतोय."

"ते माझ्या बापानेही वापरलं, आज्यानेही. जाळी इथेच धुवायचे. तू मला नदी शिकवणार, शेंबड्या?"

दुसरी बाटली त्यांनी दिदांच्या होडीतून, टोपलीच्याच जागी भरली. लोव्रे काठावरून शिव्या देत होता, पण त्याला होडीपर्यंत येता येत नव्हतं.

दुपारी बंदर कचेरीच्या झोर्का बाई आल्या. उंच, कोरड्या चेहऱ्याच्या, पायात बंद बूट. किनाऱ्यावर बूट घातलेल्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी तिहानाला विचारलं, लोव्रेला विचारलं, आणि लोव्रेने पुन्हा जोडदोरीचा तुकडा दाखवून खट् केलं.

"दवाखान्यातून तो माणूस म्हणतो की ढकलली," बाई म्हणाल्या.

"घाबरलेल्याला काय आठवतं? सामान निर्दोष आहे. रोज गोड्या पाण्यात धुतो."

"मग हे प्या," विन्का पुढे झाली आणि तिने बाटली धरली.

"ही पोरं कालपासून माझ्या मागे लागलीत," लोव्रे बाईंना म्हणाला. "हिची बहीण अडकली म्हणून."

"हो, म्हणूनच," विन्का म्हणाली. "तुमची टोपली जिथे टेकते तिथलं पाणी आहे. गोडं आहे ना? प्या."

लोव्रे प्यायला नाही. झोर्का बाईंनी बाटली घेतली, घोट घेतला आणि बाजूला थुंकल्या. "समुद्र," त्या म्हणाल्या.

"थोडंफार मीठ सगळीकडे असतं. मूठ उघडते की नाही, ते बघा. तुमच्यासमोर उघडली."

"हातात धरून उघडली," विन्का म्हणाली. "ठोकून. लिबोरच्या जोडदोरीवर सगळा पतंग लटकला होता. ओझं असताना कडी दाबून धरली जाते. ओझ्यानिशी उघडून दाखवा."

"ओझं कुठून आणू? तुला टांगू?"

"मी हलकी आहे," विन्का म्हणाली. "तुम्ही बरे."

ओर्सात होड्या उचलायच्या यारीजवळ आधीच जाऊन उभा होता. "खाली पाणी आहे," तो म्हणाला. "मूठ उघडली तर फक्त भिजाल. निर्दोष सामान आहे. की भीती वाटते?"

भोवती सगळे पाहुणे जमले होते. लोव्रेने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "कुठलीही आणा," तो म्हणाला.

"तुम्हीच निवडा," झोर्का बाई म्हणाल्या.

त्याने तारेवरची सगळ्यात नवी जोडदोरी निवडली आणि सवयीने गुडघ्याकडे नेली.

"ठोकायची नाही," याक्शा म्हणाला.

लोव्रेने कंबरपट्टा चढवला. जोडदोरीचं एक टोक पट्ट्याला, दुसरं यारीच्या आकड्याला. ओर्सातने हँडल फिरवलं. लोव्रेचे पाय धक्क्यावरून सुटले आणि तो नदीच्या पाण्यावर अधांतरी टांगला गेला, डोकं थोडं खाली, शिट्टी नाकावर.

"बघा," तो म्हणाला आणि मूठ ढकलली.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा ढकलली. मग दोन्ही हातांनी. मग बुक्की मारली. यारी करकरली, तो स्वतःभोवती अर्धा फिरला आणि परत आला. पाहुण्यांत कुणीतरी हसलं, पण ते हसणं लगेच थांबलं. कारण काल लिबोरचेही हात असेच कमरेशी होते, आणि त्याच्यापुढे पाणी नव्हतं, दगड होते.

"उघडत नाही," लोव्रे शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "खाली घ्या."

"लिबोरला कुणी खाली घेतलं नाही," तिहाना म्हणाली. काल दुपारनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. पट्टी बांधलेल्या हातात तिने आकड्याची सुरी धरली होती. "मी कापते. श्वास धरा."

तिने दोरी कापली. लोव्रे दगडासारखा पाण्यात गेला आणि खोकत वर आला.

झोर्का बाई धक्क्याच्या कडेशी वाकल्या. "तुमची संत्र्यांची बाग आहे ना? वरच्या बांधाला?"

"आहे." तो शिडी शोधत होता.

"पंपाच्या नळीला डबा आहे?"

लोव्रे शिडीला धरून थांबला.  त्याच्या केसांतून तेच पाणी गळत होतं.

"आहे," तो म्हणाला.

"का?"

"झाडं मरतात म्हणून."

"म्हणजे ठाऊक होतं." बाई सरळ झाल्या. "झाडांसाठी ठाऊक होतं. शाळा आजपासून बंद. प्रत्येक जोडदोरी कचेरीत येईल. तुमचं पुढे काय करायचं ते मी लिहीन." मग त्या तिहानाकडे वळल्या. "तुम्ही दुसरी मूठ कधी तपासलीत?"

"कधीच नाही," तिहाना म्हणाली.

"लोव्रेने मनाई केली होती!" याक्शा मध्येच बोलला.

"तिला बोलू दे."

"मनाई होती. पण मी विचारलंही नाही का म्हणून."

झोर्का बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पट्टीकडे. "परवाना राहील. पण इथे पुन्हा शिकवायला लागाल तेव्हा एकाही माणसाला या यारीवर टांगल्याशिवाय आणि दोन्ही मुठी त्याने स्वतः उघडल्याशिवाय पाण्यात सोडायचं नाही. लिहून घेऊ?"

"लिहा," तिहाना म्हणाली.

"आणि ही तीन पोरं कुणाची?"

"माझी," बांधावरून दिदा म्हणाले. ते केव्हा आले होते कुणालाच कळलं नव्हतं. "दोन माझी. तिसरा शहरातून आलाय, त्याचं मी काही सांगत नाही."

"हुशार आहेत."

"त्रास आहेत," दिदा म्हणाले. "सकाळपासून माझी होडी गायब आहे. अर्धी बाग कोरडी पडलीय."

संध्याकाळी अर्धी बाग भिजवून तिघं घरी आली. ओर्सातने डबा दोनदा तपासून बांधला होता. तिहाना दवाखान्यात लिबोरला भेटून आली होती. खांद्यात धातूच्या पट्ट्या बसवायच्या होत्या, पण हात वाचणार होता. त्याने विचारलं होतं की ती आता लोव्रेवर खटला भरणार का, आणि ती म्हणाली होती की आधी लोकांना यारीवर टांगणार.

अंगणात दिदांनी कलिंगड फोडलं. नेहमीसारखा मधला लाल गाभा एका अंगाने सुटा केला. ओर्सातचा हात सवयीने पुढे आला, विन्काने सवयीने तो मागे ढकलला.

दिदांनी गाभ्याचे सुरीने चार तुकडे केले. एक विन्कापुढे ठेवला, एक याक्शापुढे, एक तिहानाच्या चांगल्या हातात दिला. चौथा सुरीच्या टोकावर धरून त्यांनी ओर्सातकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"घे," ते म्हणाले. "आणि साल माझ्याकडे दे. डुकरं वाट बघतायत."