कोरडं जाळं, हिरवं पाणी

सोनझरी तलावाचं पाणी त्या वर्षी इतकं नितळ झालं, की काठावरून तळाचे गोटे दिसायला लागले. गावाचा आनंद गगनात मावेना. शाळेतल्या सरांनी फळ्यावर 'आमचा तलाव, आमचा आरसा' असं सुविचारासारखं लिहून ठेवलं. सरपंचबाईंनी काठावर फोटोसाठी एक पाळणा बांधला. शहरातली माणसं सौरगाड्या घेऊन पाणी बघायला येऊ लागली, आणि जाताना "वा, काय स्वच्छता!" म्हणून जाऊ लागली.

आता मला सांगा, पाणी एवढं झकास, तर त्यातले मासे गेले कुठे?

हा प्रश्न गावात बऱ्याच जणांना पडला होता. पण मोठ्या माणसांचं कसं असतं, प्रश्न पडला की ती सुस्कारा टाकतात. किमया नान्हेला प्रश्न पडला की ती समोरच्याचं डोकं खाते. आणि सध्या तिच्या तावडीत सापडले होते तिचे आबाजी, म्हणजे आजोबा. तलावावरच्या ढिवर मासेमारांचे ते म्होरके.

"आबाजी, आज तरी मिळाले का मासे?"

"मिळाले ना. टोपली भरलेली दिसावी म्हणून वर पानं घातली, एवढंच."

किमयानं पानं उचलून पाहिली. खाली चार कतला मासे होते. डोकी मोठी आणि अंगं वाळल्या काकडीसारखी.

"हे तर उपाशी दिसतात! पाणी साफ झालं न् मासे काहून उपाशी?"

"रुसले असतील, बाप्पा," आबाजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात जाळभेट झाली की येतील परत."

जाळभेट म्हणजे तिकडच्या मासेमारांचा मोठा सण. दिवाळी सरली की एका तलावाचं मानाचं जाळं दुसऱ्या तलावाच्या भेटीला जायचं. तिथल्या पाण्यात ते बुडवायचं, दोन्ही गावांनी मिळून ओढायचं, मग सगळ्यांचं जेवण. नियम एकच होता, पण कडक होता. जाळं ओलंच न्यायचं. आपल्या तलावातून काढायचं, भिजल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि वाटभर वरून पाणी शिंपडायचं. कोरडं जाळं नेलं तर तलाव कोरडा पडतो, असं जुनी माणसं सांगत. यंदा सोनझरीचं जाळं कवडशी तलावाला जायचं होतं, किमयाच्या मामाच्या गावाला. आणि ते न्यायचा मान होता आबाजींचा.

मामाच्या गावाला जायचं म्हणून किमया एरवी नाचली असती. पण त्या वाळक्या काकड्या काही तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिनं मानाच्या जाळ्याचा फाटलेला ओला कोपरा शिवायच्या निमित्तानं कापून घेतला, एक कतला पिशवीत टाकला आणि निघाली थेट आत्याकडे.

वृंदा आत्या म्हणजे आबाजींची धाकटी लेक. ती सरोवर-परिसंस्थेची (तलावातलं पाणी, वनस्पती, प्राणी आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं, या सगळ्याची) अभ्यासक होती. महिन्यापूर्वीच ती आपलं तरंगतं संशोधन केंद्र घेऊन सोनझरीवर आली होती. "पोरगी एवढी शिकली, न् आता पाण्याची नाडी बघत बसली," असं आबाजी सगळ्यांना सांगत. सांगताना मिशीतल्या मिशीत हसत, हे त्यांना वाटे कुणाला दिसत नाही.

केंद्राच्या दारात टिबुकली बसली होती. टिबुकली म्हणजे पाण्यात बुडी मारणारा तो छोटा पक्षी, पण ही होती यंत्रमानव. तशीच गोल, तशीच बुडी मारणारी, फक्त जास्त बोलकी.

"नमस्कार, किमया. आज तुझ्या पायांना चिखल नाही. माझ्या नोंदींत असं पहिल्यांदाच घडतंय."

"काठाला चिखलच उरला नाही ना, शहाणे! सगळे शिंपलेच शिंपले. पायाला टोचतात."

आत्यानं झटकन मान वर केली. "हां! तिथंच तर मेख आहे. ये, एक गंमत दाखवते."

तिनं दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत केंद्रातल्या टाकीतलं हिरवट पाणी भरलं. मग एका बरणीत मूठभर शिंपले सोडले. नखाएवढे, पिवळसर, एकमेकांना चिकटून बसलेले.

"आता जेवून घेऊ. तोवर हे त्यांचं काम करतील."

भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन दोघी परत आल्या, आणि किमयाचे डोळे विस्फारले. शिंपल्यांच्या बरणीतलं पाणी काचेसारखं झालं होतं. दुसरी बरणी होती तशीच हिरवी.

"अगं बाई! म्हणजे आपला तलाव ह्यांनी साफ केला? मग हे तर चांगलेच आहेत की!"

"थांब. आता दोन्ही पाण्यांचा एकेक थेंब बघ."

किमयानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हिरव्या पाण्याच्या थेंबात जत्रा भरली होती. हिरवे गोळे, साखळ्या, त्यांच्यामागे पळणारे टिकल्यांएवढे पारदर्शक किडे. साफ पाण्याच्या थेंबात काही म्हणजे काही नव्हतं.

"हे हिरवे म्हणजे प्लवक (पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव)," आत्या सांगू लागली. "हे उन्हावर वाढतात. त्यांना हे किडे खातात. किड्यांना माशांची पिल्लं आणि कतल्यासारखे मासे खातात. माशांना बगळे खातात आणि आपण खातो. ही झाली अन्नसाखळी. शिंपला पाणी आत ओढतो, त्यातलं प्लवक गाळून खातो आणि साफ पाणी बाहेर सोडतो. एक शिंपला असेल तर कुणाला कळतही नाही. पण लाखो झाले तर?"

किमयानं पिशवीतल्या कतल्याकडे पाहिलं. "तर सगळ्यांच्या ताटातलं जेवण हेच संपवतात. आत्या, आपला तलाव स्वच्छ नाहीये गं. रिकामा आहे."

"शाब्बास!" टिबुकली म्हणाली. "हे वाक्य मी जपून ठेवते."

"पण शिंपले तर आपल्या तलावात पहिल्यापासून आहेत. ते कुठं असं करतात?"

"ते आपले. त्यांना खाणारे पक्षी, मासे इथे आहेत, म्हणून ते मर्यादेत राहतात. हे आहेत आक्रमक परके (दुसऱ्या प्रदेशातून येऊन बेसुमार पसरणारे जीव). इथल्या खाणाऱ्यांना ह्यांची अजून ओळखच नाही. मला कळत नाही ते एवढंच, की हे आले कुठून? ह्यांना ना पाय ना पंख."

किमयानं जाळ्याचा तो ओला कोपरा काढून टेबलावर ठेवला. "कतल्याबरोबर हेही आणलंय. आबाजींचं मानाचं जाळं."

आत्यानं जाळं पिळून एक थेंब काचपट्टीवर घेतला. थेंबात बारीक केसांची झालर हलवत ठिपके पोहत होते.

"शिंपल्यांची पिल्लं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "ओल्या गाठींत ती दिवसचे दिवस जगतात. किमया, गेल्या वर्षी जाळभेटीला आपल्याकडे कोण आलं होतं?"

किमयाला लख्ख आठवलं. उत्तरेकडच्या मोठ्या धरणावरचे पाहुणे. एवढ्या लांबून पहिल्यांदाच कुणी आलं होतं. आबाजींनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. जाळं कसं छान भिजल्या गोणपाटात आणलं होतं त्यांनी! आणि आता तसंच ओलं जाळं मामाच्या तलावाकडे निघणार होतं.

हे आबाजींना सांगायचं कसं?

आबाजी अंगणात गोणपाट धूत होते. किमयानं एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझं जाळं घाण आहे म्हणतेस?"

"घाण नाही, आबाजी. ओलं आहे."

"ओलंच न्यायचं असते! माझ्या आजानं नेलं, बापानं नेलं. न् नाही नेलं, तर तुझा मामा काय म्हणेल? नान्हेंनी पाठ फिरवली म्हणेल!"

"बरं, मग एकदा डोळा लावून तरी बघा ना. माझ्यासाठी."

नातीपुढे आबाजींचं कधी काही चाललं होतं का? पुटपुटत का होईना, ते केंद्रात आले. दोन्ही बरण्या पाहिल्या. मग सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"म्हणजे मीच बोलावून आणलं."

"बाबा, तुम्ही माणसं बोलावली होती," आत्या त्यांचा हात धरून म्हणाली. "ह्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं."

"यांना मारता कसं येते, ते सांग."

"गरम पाण्यात बुडवायचं, मग कडक उन्हात खडखडीत वाळवायचं. जाळं असो, होडी असो, टोपली असो."

"पण कोरडं जाळं..." आबाजी थांबले. "तिकडचे हात लावणार नाहीत त्याला."

किमया जाळ्याच्या त्या कोपऱ्याला लटकणारे शिशाचे मणी उगाच हलवत होती. जाळं सरळ बुडावं म्हणून खालच्या कडेला ते ओवतात. मासेमार त्या कडेला जाळ्याचे पाय म्हणतात.

"आबाजी, आपल्या घरी पाहुणा आला तर त्याच्या पायांवर पाणी कोण घालतं?"

"आपण. घरच्यांनीच घालायचं."

"पाहुणा घरून पाय ओले करून येतो का?"

"असा कसा येईल, येडे..." म्हणता म्हणता आबाजींचा हात मिशीवरच थांबला. मग ते असे काही हसले, की केंद्र पाण्यावर डुलायला लागलं.

जाळभेटीच्या दिवशी कवडशीच्या काठावर अख्खा गाव जमला. आबाजींनी जाळं खांद्यावरून उतरवलं. उन्हात वाळून ते पापडासारखं वाजत होतं. लोक कुजबुजू लागले. मामा पुढे आला. "आबाजी, हे काय? कोरडं?"

"कोरडंच, बाप्पा. तुमच्या तलावाला आमचं दुखणं लागू नये म्हणून," आबाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांनी काहीही न लपवता सोनझरीत काय झालं ते सांगितलं. मग म्हणाले, "पाहुणा दारात उभा आहे. त्याच्या पायांवर तुमच्या तलावाचं पाणी घाला. घरच्यांचा मान आहे तो."

मग किमयाची मामी घागर घेऊन पाण्यात उतरली आणि जाळ्याच्या पायांवर तिनं धार धरली. मागोमाग सगळ्या बाया. कुणीतरी कुंकूही लावलं. आता दर वर्षी असंच करायचं, असं जेवणाच्या पंगतीत ठरूनही गेलं.

सोनझरीचं काय, असं विचाराल. ते परके शिंपले एका दिवसात जाणार नाहीत, कदाचित पुरते कधीच जाणार नाहीत. पण गाव आता दर रविवारी ते खरवडून काढतं. आणि परवा टिबुकलीनं एक छायाचित्र आणलं. उथळ पाण्यात मुग्धबलाक (शिंपले फोडून खाणारा, चोच पूर्ण न मिटणारा करकोचा) उभा होता आणि त्याच्या चोचीत होता एक पिवळसर शिंपला. "ओळख झाली," आत्या म्हणाली आणि तिनं किमयाला उचलून गरकन फिरवलं.

पण जाळभेटीच्या दिवसाची एक गोष्ट सांगायची राहिली. परतताना आबाजी कवडशीच्या काठावर थांबले. पाणी हिरवट होतं, गढूळ होतं, तळ तर सोडाच, हातभर खालचंही दिसत नव्हतं. आबाजींनी ओंजळीत थोडं पाणी घेऊन निरखलं आणि तिथल्या तिथेच पुन्हा सोडून दिलं.

"किमये," ते म्हणाले, "काय सुंदर पाणी आहे गं!"