चाळिसावा हेलकावा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी नव्वदीला टेकले आहे. या वयात थापा मारून मला कुणाची वाहवा मिळवायची नाही.

ठाणे. १९५७ सालचा डिसेंबर, सतरा तारीख, मंगळवार. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

मी सुमती कर्णिक. बी.एस्सी. झाले आणि माजिवड्याच्या पुढे, बाळकुमच्या वाटेवर एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. अख्ख्या कारखान्यात बाई मी एकटीच.

आमचं काम धातूच्या पोटातले दोष शोधायचं. सळई लेथवर बारीक कातायची, उभी टांगायची, खाली वजन लावायचं आणि हलका पीळ देऊन सोडायची. ती डावी-उजवीकडे हेलकावे घेत राहते. धातू निरोगी असेल तर पुष्कळ वेळ. दोष असेल तर हेलकाव्यांचा जोर आतल्या आत घासून जिरतो आणि सळई लवकर थांबते. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं ना, त्यातलाच प्रकार. सळईला लावलेल्या आरशावरून उजेडाचा ठिपका भिंतीवर फिरायचा आणि मी मोजायचे.

चांगलं पोलाद तीनशेच्या वर जायचं.

त्या महिन्याच्या सुरुवातीला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मुख्य शेडमध्ये, क्रेनचा हूक तुटला. खाली बाळकुमचा कामगार धाकू होता. दोन टनांचं ओतकाम त्याच्या अंगावर आलं.

तुटलेल्या हुकातून आम्ही सळई कातली. मी मोजलं.

चाळीस.

पुन्हा मोजलं. चाळीसच.

तो हूक आमच्या साहेबांनी, त्र्यंबकरावांनी, पास केलेला. त्यांनी दार लावून घेतलं.

“मिस कर्णिक, तीनशे दहा लिहा. धाकूने साखळी चुकीची बांधली, असं रिपोर्टात जाईल. तुम्हाला इथे राहायचं आहे ना?”

मी लिहिलं. भ्याले मी. सांगताना आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी धाकूची बायको प्रयोगशाळेच्या दारात आली. गंगुबाई. कपाळ मोकळं.

“बाय, खरा सांग. आमचे मानसाची चुकी व्हती का गो?”

मी म्हटलं, “हो. मोजलंय आम्ही.”

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गेली.

सतरा तारखेला तीन वाजता सरकारी इन्स्पेक्टर येणार होते. हुकाची सळई साहेबांनी आदल्या दिवशीच खाडीत फेकलेली. तिच्या जागी त्यांनी उत्तम पोलादाची नवी सळई टांगली.

“ते यायच्या आत एकदा मोजून बघा.”

मी मोजू लागले. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस.

ठिपका थांबला... हळूहळू नाही. कुणीतरी सळई मुठीत धरावी, तसा.

आणि छताकडून आवाज आला... खळ्ळ.

साखळी सरकल्याचा. आमच्या खोलीत क्रेन नव्हती, साखळीही नव्हती.

दुसरी सळई टांगली. चाळीस... खळ्ळ. आवाज आता छतापासून बराच खाली सरकलेला.

पितळेची टांगली. तीही चाळीसलाच थांबली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं... शॉपमधला सगळा खडखडाट बंद होता. एक हातोडासुद्धा वाजत नव्हता.

“तुम्हाला धड मोजताही येत नाही!” साहेब खेकसले. मला बाजूला सारून त्यांनी सळईला पीळ दिला आणि स्वतः मोठ्याने मोजू लागले.

पस्तीसपर्यंत आवाज खणखणीत होता.

मग त्यांनी वर पाहिलं...

मीही पाहिलं. मला नुसतं छत दिसलं. त्यांना आणखी काहीतरी दिसत होतं.

“धाकू,” ते म्हणाले. “अरे, थांब. मी खरं लिहून देतो. थांब रे!”

ठिपका चालूच होता. एकोणचाळीस... मी मनात मोजलं.

साहेब खाली गेले... पडले नाहीत. जमिनीवर दाबले गेले.

वरून काहीही पडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खांद्यांचा आणि फासळ्यांचा चुरा झालाय आणि कातडीवर साधा ओरखडा नाही. हे कसं झालं ते कुणालाच सांगता आलं नाही.

इन्स्पेक्टर आले तेव्हा मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. तीनशे दहा खोडून चाळीस लिहिलं, खाली सही केली. धाकूवरचा ठपका गेला.

संध्याकाळी मी बाळकुमला गेले, माफी मागायला. गंगुबाई अंगणात तांदूळ निवडत बसलेली. मी तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला.

“माना ठाव हाय. दुपारचे येऊन सांगून गेला तो.”

“काय... काय सांगितलं?”

“एक जाला, बोलला. एक र्‍हायलाय.”

मला रडू फुटलं. “अगं, मी खरं लिहिलंय! माझ्या हाताने खोडून लिहिलंय. धाकूला सांग ना!”

तिने सूप खाली ठेवलं.

“साब मेल्यावं लिवलास, बाय. साब जिता असता तं लिवला असतास?”

अडुसष्ट वर्षं झाली. तो अजून आलेला नाही. आला तर हेच विचारेल.