सरांचं नामंजूर मृत्युपत्र

ओल्या हातांनी पुस्तकांना शिवणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. आणि हा माणूस माझ्या ग्रंथालयात पहिल्यांदा आला तोच कोपरापर्यंत निथळत. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ झटकत होते, आणि खाली कुणीतरी माझ्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून खुशाल हात पुसायला लागलं.

"अहो! तो माझा टॉवेल आहे!"

त्याने वर पाहिलं. पाहतच राहिला. "माफ करा... मला वाटलं ही शिक्षकांची खोली. प्रयोगशाळेतला नळ तुटलाय. मी विज्ञानाचा नवीन सर."

"नवीन असा नाही तर जुने. टॉवेल ठेवा."

ठेवला नाही. उलट खांद्यावर टाकून विचारतो कसा, "नळदुरुस्तीवर एखादं पुस्तक आहे का हो, बाई?"

होतं. माझं दुर्दैव, होतं. सात दिवसांच्या बोलीवर दिलं. त्यानंतर ना ते पुस्तक दिसलं, ना टॉवेल. सर मात्र रोज दिसायचे.

दर शनिवारी मी त्यांना स्मरणचिठ्ठी पाठवायचे. दहाव्या चिठ्ठीतून 'कृपया' गेलं. तिसाव्या चिठ्ठीत 'लाज' हा शब्द आला. सर व्हरांड्यात भेटले की मान लववून म्हणायचे, "बाई, चिठ्ठी मिळाली. अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं!" मी तरातरा निघून जायचे. आणि मग दिवसभर... जाऊ दे. दिवसभर मी चिडलेली असायचे, एवढंच लिहिते.

आता आमच्या शाळेची एक पद्धत सांगते. बारावीची मुलं निरोपाच्या दिवशी मृत्युपत्र लिहितात. मुख्याध्यापिका बाईंना तो शब्द अशुभ वाटतो, त्या 'निरोपपत्र' म्हणतात. बाकी सगळी शाळा मृत्युपत्रच म्हणते. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी काय काय ठेवलं ते त्यात लिहायचं आणि सभागृहात वाचायचं. शाळा सोडून जाणारे शिक्षकही लिहितात. थट्टेच्या नावाखाली कुणी कुणाचा पाणउतारा करू नये, म्हणून सगळी मृत्युपत्रं आधी माझ्याकडे येतात आणि माझ्या शिक्क्याशिवाय एकही वाचलं जात नाही. मुलांचा नियम असा, की ज्याचं वाचलं गेलं नाही तो शाळेतून सुटलाच नाही. त्याने पुढच्या वर्षी मुकाट्याने परत इथेच यायचं.

यंदा निरोपाच्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर गठ्ठा पडला. मी लाल पेन उघडलं.

'गणिताच्या सरांना: माझे राहिलेले सगळे गृहपाठ. सवडीने करावेत.' शिक्का.

'माझ्या धाकट्या भावाला: आमचं आडनाव. जपून वापर, मी जरा खराब करून ठेवलंय.' शिक्का.

'मुख्याध्यापिका बाईंना: शांतता.' हसू दाबलं. शिक्का.

'ग्रंथालयाच्या बाईंना: त्यांनी आम्हांला दिलेले सगळे श्श्श साभार परत. योग्य वेळी पोहोचते केले जातील.' हे सगळ्या वर्गाच्या वतीने आमच्या भोंग्याने लिहिलेलं. भोंगा म्हणजे वर्गाची प्रतिनिधी. पोरगी कुजबुजली तरी तीन वर्गांना ऐकू जातं. मी नाक मुरडलं, पण शिक्का मारला.

आणि मग तळाशी तो कागद निघाला. निळी शाई, बारीक अक्षर. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिकटवलेल्या नावांमुळे ते अक्षर सगळ्या शाळेला पाठ आहे.

'चौकीदारकाकांना: प्रयोगशाळेतला गळका नळ. एकटं वाटलं की शेजारी बसावं, बोलत राहतो.

नव्या येणाऱ्या सरांना: तिसऱ्या टेबलाचा हलता पाय. त्याखालची घडी काढू नये.

ग्रंथालयाच्या बाईंना: काही नाही. त्यांना माझं काहीच चालत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. हा माणूस चालला होता. शाळा सोडून. आणि मला कळत होतं ते असं, पोरांच्या गठ्ठ्यात, तळाला! वर माझ्या वाट्याला काय, तर काही नाही! नळाला सुद्धा वारस मिळाला, टेबलाच्या पायाला मिळाला, आणि मी...

डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. मी कागद उचलला आणि प्रयोगशाळा गाठली.

सर काचेच्या नळ्या धूत होते. मागे नळ टपटपत होता.

"हे काय आहे?"

"मृत्युपत्र. तपासलंत? शिक्का?"

"शिक्का गेला खड्ड्यात! कुठे निघालात?"

"दुसऱ्या गावच्या शाळेत. सकाळीच राजीनामा दिलाय. मुख्याध्यापिका बाई कार्यक्रम झाला की सही करणार आहेत."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"बाई, दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी पुस्तक आणि टॉवेल सोडून तिसरा विषय काढलाय? मला वाटलं... तुमची कटकट जाईल."

"माझ्या कटकटीचं मी बघेन! आधी पुस्तक काढा!"

मी तरातरा वळले आणि तिसऱ्या टेबलावर आपटले. टेबल डुगडुगलं, पायाखालची घडी सरकली. मी वाकून ती ओढली. ओळखीचा कागद, ओळखीचं अक्षर. माझंच! माझ्या चिठ्ठ्या. एकावर एक, नीट घडी करून, दोऱ्याने बांधलेल्या.

"माझ्या चिठ्ठ्या... टेबलाच्या पायाखाली?"

"टेबल हलत होतं."

"निर्लज्ज माणूस!"

"आणि टाकवत नव्हत्या." सर हात पुसत जवळ आले. हातातला टॉवेल माझा होता. "चौऱ्याऐंशी आहेत. घरी ठेवल्या असत्या तर आई विचारत बसली असती, की ही कोण बाई तुला दर शनिवारी इतक्या मनापासून शिव्या देते."

मला हसायचं नव्हतं. मी हसले नाही.

"दोन वर्षांत एक नळ दुरुस्त झाला नाही तुमच्याच्याने?"

"झाला असता. पहिल्याच दिवशी झाला असता, वायसर बदलायचा होता नुसता." ते खाली बघून बोलत होते. "पण नळ दुरुस्त झाला की पुस्तक परत द्यावं लागणार... आणि पुस्तक दिलं की शनिवारची चिठ्ठी बंद."

नळ टपटपत राहिला. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस गप्प बसला, आणि तोंड उघडलं ते जायच्या दिवशी!

"हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

"मग राजीनामा कशाला दिला?"

"गेल्या शनिवारी चिठ्ठी आली नाही," सर म्हणाले. "वाटलं, आता तुम्हांला पुस्तकही नको झालं."

गेल्या शनिवारी मी तापाने फणफणले होते. अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी कागद घेतला होता हातात. पण हे त्या मेल्या माणसाला सांगायला माझी जीभ रेटेना. "मूर्ख!" एवढंच म्हणाले, मृत्युपत्र तिथेच टेबलावर आपटलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरला आणि निघून आले.

तीन वाजता सभागृह खच्चून भरलं. भोंगा माइकशिवायच वाचत होती. हशा, टाळ्या, शिट्ट्या. गणिताच्या सरांनी उठून गृहपाठ स्वीकारले. धाकट्या भावाने आडनाव स्वीकारलं आणि रडला. मी कोपऱ्यात शिक्का मुठीत आवळून बसले होते. मुख्याध्यापिका बाईंच्या फाइलमध्ये तो राजीनामा होता आणि कार्यक्रम संपत आला होता.

"कुणाचं राहिलं का?" भोंग्याने रिवाजाप्रमाणे विचारलं.

"माझं," सर उभे राहिले.

भोंग्याने कागद घेतला, उलटापालटा करून पाहिला. "सर, यावर शिक्का नाहीये."

"बाईंना विचारा."

तीनशे माना माझ्याकडे वळल्या. सर माझ्याकडेच बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "बाई, शिक्का देता का? तुम्ही दिलात तर जातो मी."

"नाही!"

"का?"

"का म्हणजे? चुका आहेत त्यात!"

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत! म्हणे त्यांना माझं काहीच चालत नाही! कोण म्हणालं चालत नाही? मी म्हणाले? ताप होता मला, ताप! म्हणून चिठ्ठी आली नाही! आणि तुम्ही लगेच राजीनामा देऊन मोकळे! मला तुम्ही जायला नको आहात, कळलं? नको आहात! आता काय माइकवरून सांगू?"

माझा आवाज सभागृहाच्या पार मागच्या भिंतीवर आदळून परत आला. तेव्हा मला समजलं मी कुठे उभी आहे.

पहिल्या रांगेत भोंग्याने हळूच ओठांवर बोट ठेवलं. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्या बारावीने, आणि त्यांच्यामागे सगळ्या शाळेने.

"श्श्श्श्श!"

पोहोचते झाले.

त्या गदारोळात सर मुख्याध्यापिका बाईंपाशी गेले आणि त्यांच्यापुढे हात पसरला. बाईंनी फाइलमधून राजीनामा काढला, चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "शांतता मिळायची नाही म्हणजे मला." कागद मात्र परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ गप्प होता. सर ग्रंथालयात आले, पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि अगदी साळसूदपणे उभे राहिले. मुखपृष्ठावर पाच बोटांचे ओले ठसे होते.

मी ओरडले. मग दुसरं पुस्तक त्यांच्या नावावर लिहिलं, सात दिवसांच्या बोलीवर.