पिसाकला शाल परत मागितली, त्या दिवशी

"हा पट्टा विणताना कुणाला शिव्या देत होतात?"

मी मान वर केली. समोर उन्हाने रापलेला एक उंच तरुण मी विकायला मांडलेला कमरपट्टा हातात घेऊन उभा होता. वीण जरा जास्तच आवळली गेली होती खरी. पट्टा विणताना मी काकूशी भांडले होते, आणि आत्ता काकू शेजारीच बसून त्याचा प्रश्न ऐकत होती.

त्याचं नाव एफ्राइन. डोंगरापलीकडच्या त्याच्या गावाने मिनीबस ठरवली होती, दिवसभर डोंगरावरचे इंकांचे जुने अवशेष आणि आमचा बाजार बघून संध्याकाळी परत. काकूही मूळची तिकडचीच, लग्न होऊन पिसाकला आलेली. माझा दादा वर अवशेषांवर राखणदार आहे, त्याचं जेवण घेऊन मी निघतच होते.

"यालाही ने," काकू म्हणाली. "वाट चुकेल बिचारा."

वर जायला एकच वाट आहे. तरी मी त्याला बरोबर घेतलं.

दादासाठीच्या उकडलेल्या बटाट्यांचं गाठोडं त्यानेच उचललं. चढताना त्याने आपल्या कळपातल्या लोकरीच्या अल्पाकांच्या खोड्या सांगितल्या, मी गिऱ्हाइकांच्या. वर पोचल्यावर इंकांच्या एका लांबलचक भिंतीवर तळहात टेकून तो बराच वेळ उभा राहिला.

"आमच्याकडे भिंत बांधायला गाव आलं, की घरच्यांनी सगळ्यांना जेवायला घालायचं असतं," तो म्हणाला. "एवढ्या भिंतीला किती बटाटे उकडले असतील हो...?"

खरं सांगते, तिथेच मी विरघळले.

दादाला जेवण देऊन परत फिरलो आणि गारा सुरू झाल्या. छप्पर नसलेल्या एका घराच्या कोपऱ्यात आम्ही अंग चोरून उभे राहिलो. तो माझ्याकडे बघत होता, मी गारांकडे बघत असल्याचं दाखवत होते. गारा थांबल्या, आणि अचानक... त्याने माझ्या खांद्यावरची शाल ओढली आणि हसत उतरणीवरून पळाला.

"शाल द्या," मी जागेवरूनच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

त्याचं हसू मावळलं. तो परत वर आला, शाल माझ्या हातात ठेवली, "बरं" म्हणाला. खाली येईपर्यंत तो माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिला.

त्याची माणसं बसमध्ये चढू लागली होती. मी धुसफुसत काकूला सगळं सांगितलं, तशी तिच्या हातातली लोकर खाली पडली.

"अगं नोएमी, आमच्याकडे ती मागणी असते. पोरगी मागे धावली तर होकार. जागेवरून परत मागितली तर नकार."

"मग आधी सांगायचं ना!"

"मला काय ठाऊक, तो इतक्या लवकर ओढेल? तुझ्या काकांना वर्ष लागलं."

मी धावले. बस सुरू झाली होती. टोपी डोळ्यांवर ओढून तो खिडकीशी बसला होता. मी काचेवर थाप मारली, त्याने काच सरकवली.

"मला थंडी वाजत होती," मी धापा टाकत म्हणाले. "म्हणून शाल मागितली. तुमची रीत मला माहीत नव्हती. मला नाही म्हणायचं नव्हतं... मला तुम्ही आवडलात."

बसमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग मागून एक म्हातारी खेकसली, "अरे, उतर की आता."

तो उतरला. ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली आणि बस नेली. तिच्याकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

"किती हळू पळत होतो मी," तो हळूच म्हणाला. "तुला गाठता यावं म्हणून."

मी शाल काढून त्याच्या हातात दिली.

"आता जोरात पळ," मी म्हणाले.

तो पळाला, आणि भर बाजारातून मी त्याच्यामागे धावले.