नसलेला आवाज

दुकानात एक मुलगा लॅपटॉपला कान लावून उभा होता आणि क्रांतीला नेमका तोच लॅपटॉप बघायचा होता.

बाकीची माणसं येत होती, किंमत बघत होती, नाक मुरडून पुढे जात होती. हा मात्र डोळे मिटून, मान वाकडी करून, कीबोर्डवर कान टेकून उभा. मध्येच त्याने एका बोटाने झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग कीबोर्डच्या मधोमध तळवा दाबून "हं" म्हणाला. शनिवारची दुपार, बाहेर नोव्हेंबरची पिरपिर, क्रांतीची ओली छत्री तिच्याच बुटांवर ठिबकतेय… आणि याचं काही संपेना.

"डॉक्टर आहे की काय हा!" ती मराठीत पुटपुटली. परदेशात तेवढं एक सुख असतं, वाटेल ते बोलता येतं.

"डॉक्टर नाही," तो डोळे न उघडताच म्हणाला, "पण पेशंटची तब्येत चांगली आहे."

हे सुख जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये चालत नाही, हे तिने ध्यानात ठेवायला हवं होतं. गाड्यांच्या कारखान्यामुळे या गावात पावलोपावली मराठी माणूस भेटतो. हा नाशिकचा होता. नाव जीवन. गाड्यांच्या आतले भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. दुकानात खरं म्हणजे चार्जरची वायर घ्यायला आला होता.

"आणि लॅपटॉपला कान कशाला?" क्रांतीने विचारलं.

"सवय. गाडी चालताना आत कुठे कुरकुर होते ते शोधणं हेच माझं काम. दार, डॅशबोर्ड, सीट…"

"कुरकुर ऐकायचा पगार मिळतो तुम्हाला? आमचे बाबा जन्मभर फुकट ऐकत आले!"

तो हसला. हसताना आधी त्याचे कान हलायचे आणि मग ओठ. क्रांतीने ते पाहिलं आणि उगाचच छत्री झटकली.

तिला लॅपटॉप हवा होता तो गोष्टींसाठी. दिवसा ती एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची आणि संध्याकाळी इथल्या मराठी मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायची. या मुलांना मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देतात, तेव्हा निदान कानावर तरी काही पडावं, एवढाच हेतू. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या कामाला वापरायचा नाही अशी सक्त ताकीद होती, आणि तिचा स्वतःचा जुना लॅपटॉप म्हणजे पिठाची गिरणी. राजकन्येने तोंड उघडलं की मागे पंखा घरघरायला लागायचा.

"हा घ्या," जीवन म्हणाला. "झाकण प्लास्टिकचं आहे, जोरात दाबलं तर थोडं वाकतं. पण बिजागरी घट्ट आहे. एका बोटाने उघडलं तरी खालचा भाग वर उचलला जात नाही. आणि दोन आठवड्यांत परत करता येतो. तोवर आपण नीट तपासू."

आपण? क्रांतीने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

लॅपटॉप घेतला. आणि तिच्या डोक्यातला गोंधळही तिथूनच सुरू झाला.

पुढची भेट डिस्प्लेसाठी ठरली. "दुकानातल्या दिव्याखाली सगळेच स्क्रीन देखणे दिसतात," असं जीवनचं म्हणणं. म्हणून कॅफेत, मोठ्या काचेजवळ, दिवसाउजेडी. तो स्क्रीन मागे-पुढे झुकवून बघत होता, रंग फिके पडतात का ते पाहत होता, आणि क्रांतीला आपल्याच दिवाणखान्यात पोह्यांची बशी घेऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. फरक एवढाच की इथे बघायला आलेला मुलगा मुलीला सोडून टेबलाकडे बघत होता.

"रंग जरा फिके आहेत," तो म्हणाला. "पण चकचकीत नाही ते बरं. चकचकीत स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा दिसत राहतो."

"माझा चेहरा दिसला तर इतका त्रास होतो तुम्हाला?"

"नाही, म्हणजे… तुझा नाही… तुमचा…" त्याचे कान लाल झाले. "स्क्रीनवर नको. समोर ठीक आहे."

"तू म्हटलं तरी चालेल," ती म्हणाली आणि कॉफीत नाक खुपसलं.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? समोर ठीक आहे! तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात वेट्रेस आली. बिल एकत्र की वेगवेगळं, तिने विचारलं. जीवनने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "गेट्रेन्ट." वेगवेगळं.

गुदगुल्या बंद.

बाहेर पडले तर पाऊस वाढलेला. तिची छत्री घरी, त्याच्याकडे एक. त्याने ती उघडली, काळजीपूर्वक तिरकी केली आणि तिच्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेवर धरली. स्टॉपपर्यंत बॅग कोरडीठाक राहिली. क्रांती अर्धी भिजली. तो मात्र पूर्ण भिजला, चष्म्यावरून पाणी गळत होतं आणि तरी बॅगेवरची छत्री हलली नाही. या माणसाला काय म्हणावं, ते तिला कळेना.

घरी पोहोचते तोच मेसेज आला. "पोहोचलीस?" तिने तो चार वेळा वाचला. पाचव्या वेळी वाचत होती तेव्हा दुसरा आला. "लॅपटॉप कोरडा आहे ना?"

"त्याचं लग्न त्या लॅपटॉपशी लावून दे आणि मोकळी हो," ऋचा म्हणाली. ऋचा तिची फ्लॅटमेट, पुण्याची. दोघी मिळून भाडं भरायच्या आणि एकमेकींच्या भानगडीत मनापासून लक्ष घालायच्या.

मग वेगाची परीक्षा झाली, ती फोनवर. "ब्राउझरमध्ये असतील नसतील त्या खिडक्या उघड," जीवनने सांगितलं, "एक व्हिडिओ लाव, रेकॉर्डिंग सुरू कर आणि माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तो दमतो का ते बघायचंय."

ती बोलली. नागपूरच्या उन्हाबद्दल, बाबांनी तिचं नाव क्रांती ठेवलं आणि ती झुरळालाही घाबरते त्याबद्दल. तोही बोलला. लॅपटॉप काही दमला नाही. शेवटी फोनची बॅटरी संपली म्हणून दोघं थांबले.

आणि मग, मुदत अर्धी सरत आली असताना, जीवनने निकाल दिला. "ठेवून घे. स्पीकर थोडे किरटे आहेत, उन्हात स्क्रीन मंद दिसतो, पण या किमतीत याहून चांगला मिळणार नाही. माझ्याकडून पास."

लॅपटॉप पास झाला म्हणजे काम संपलं. काम संपलं की भेटायला निमित्त काय? 'सहज भेटू या' म्हणावं इतकं धाडस तिच्या नावात होतं, तिच्यात नव्हतं. तो हो म्हणाला आणि निव्वळ सभ्यपणाने म्हणाला, तर? तो नाही म्हणाला, तर?

"पण एक… बारीकसा आवाज येतो," ती बोलून गेली. "गूं… असा."

लॅपटॉप शेजारीच होता, झोपलेल्या मांजराइतका गप्प.

"आत्ता येतोय?"

"आत्ता नाही. येतो-जातो. रेकॉर्डिंग करताना जास्त."

"रविवारी येतो," जीवन म्हणाला. "रविवारी घरात शांतता असते."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की ज्याला चालत्या गाडीतली कुरकुर ऐकू येते अशा माणसाला तिने नसलेला आवाज ऐकायला बोलावलं होतं.

जर्मनीतला रविवार म्हणजे रविवारच. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्युम लावायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळखळतात. जीवन आला तो छोटा माईक, हेडफोन आणि आवाज मोजायचं यंत्र घेऊन. त्याने फ्रिजची पिन काढली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून ऋचाच्या हवाली केलं आणि ऋचाला तिच्या खोलीत पाठवलं. ती जाताना क्रांतीकडे बघून एक भुवई उंच करून गेली.

"आता पाच मिनिटं बोलायचं नाही," जीवन हळूच म्हणाला. "हलायचंही नाही."

दोघं टेबलाशी समोरासमोर बसले. मध्ये लॅपटॉप. त्याने हेडफोन लावले.

पाच मिनिटं इतकी मोठी असतात हे क्रांतीला ठाऊक नव्हतं. खिडकीच्या काचेवर पावसाचा एक थेंब अडखळत खाली येत होता. जीवनच्या स्वेटरच्या कोपरावर लोकर सुटली होती. त्याची बोटं टेबलावर होती, तिच्या बोटांपासून वीतभर लांब. हा माईक माझ्या छातीतली धडधड तर पकडत नसेल ना, या विचाराने तिने श्वास रोखला आणि मग तो इतक्या जोरात सोडला की यंत्रावरचा आकडा टुणकन उडाला. जीवनने वर पाहिलं. बोलायचं नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. तीही. आकडा पुन्हा खाली यायला बराच वेळ लागला.

तिने मनाची तयारी केली. आता हा हेडफोन काढेल, म्हणेल, आवाज वगैरे काही नाही. मग सगळं उघडं पडेल.

जीवनने हेडफोन काढले. वायर गुंडाळली. उलगडली. पुन्हा गुंडाळली.

"हो," तो म्हणाला. "आवाज आहे."

"आहे?"

"आहे ना. बारीक. तू म्हणालीस तसाच, गूं… परतच करावा लागेल. दुसरा घेऊ, तो तपासू."

तो गेला. क्रांती खुर्चीतच बसून राहिली.

"असं कसं होईल?" तिने ऋचाला विचारलं. "आवाज मी मनाने बनवला होता. त्याला ऐकू कसा आला?"

"तो खोटं बोलला."

"तो? अगं, तो स्पीकर किरटे आहेत हेसुद्धा तोंडावर सांगतो! कशाला खोटं बोलेल?"

"तू कशाला बोललीस?"

उत्तर अगदी ओठांवर होतं, पण ते खरं मानायची हिंमत होईना. कदाचित खरंच बारीक आवाज असेल. कदाचित मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल. कदाचित त्याचे कान बिघडले असतील, आणि आता नोकरीही जाईल बिचाऱ्याची… असं करत करत ती जीवनच्या नोकरीपर्यंत पोहोचली तेव्हा ऋचाने कपाळावर हात मारला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोघं दुकानाच्या काउंटरवर उभे राहिले. क्रांतीच्या हातातून लॅपटॉप सुटत नव्हता. चांगला लॅपटॉप होता हो, त्याच्यावर तिच्या दोन गोष्टीही रेकॉर्ड झाल्या होत्या, एकदम स्वच्छ. उगाच एका निरपराध जिवावर बालंट आणल्यासारखं वाटत होतं.

काउंटरवरच्या बाईंनी जर्मनमध्ये तक्रार काय म्हणून विचारलं. "आवाज येतो," जीवन म्हणाला. बाईंनी लॅपटॉप सुरू केला, ऐकला, वीस खिडक्या उघडून पुन्हा ऐकला.

"हे बघा, मला काही ऐकू येत नाही. तुम्हाला आत्ता येतोय?"

जीवनने तोंड उघडलं. मिटलं. त्याचे कान आधी गुलाबी, मग लालबुंद झाले. एवढा मोठा कानांचा कारागीर, पण खोटं एकदाच जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. त्याची ती अवस्था क्रांतीला बघवली नाही.

"आवाज नाहीये," ती जर्मनमध्ये म्हणाली. परक्या भाषेत खरं बोलणं जरा सोपं जातं. "कधीच नव्हता. मी खोटं सांगितलं. हे घरी यावेत म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. "आणि हे?"

"मला माहीत होतं," जीवन खाली बघत म्हणाला, तेही जर्मनमध्येच. मग मान वर केली आणि मराठीत सुरू झाला. "पहिल्या मिनिटातच कळलं होतं. पण आवाज नाही म्हटलं असतं तर तपासणी संपली असती, क्रांती. नवा घेतला असता तर आणखी दोन आठवडे मिळाले असते."

"दोन आठवडे मिळवायला माझा चांगला लॅपटॉप परत करत होतास?"

"सुचलं नाही दुसरं काही."

"आणि ते गेट्रेन्ट? एक सेकंदसुद्धा थांबला नाहीस!"

"घाबरलो होतो. मी बिल भरलं आणि तुला वाटलं की हा जास्तच समजायला लागलाय, तर? मग तू आली नसतीस पुन्हा." त्याने चष्मा पुसला. "आणि मी जास्तच समजायला लागलो होतो. दुकानातूनच. मला तू आवडतेस, हे सांगायचं होतं आणि मी बिजागरीबद्दल बोलत बसलो."

इतके दिवस क्रांतीच्या डोक्यात जो गुंता होता तो एका टोकाने ओढल्यासारखा सरसर सुटला. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळेना.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही तू… जीवन, माझ्या बॅगेवर धरलेल्या तुझ्या छत्रीसकट आवडतोस."

बाईंना मराठी येत नव्हतं, पण असल्या गोष्टींना भाषा लागत नाही. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि काउंटरवरून तिच्याकडे सरकवलं. "मग परत करायचा नाही तर. कृपया बाजूला व्हा, मागे रांग आहे."

दोघं बाजूला झाले. दारात जीवन थांबला.

"रविवारी येऊ?"

"काय तपासायला?"

त्याने विचार केला. खरंच केला, भुवया आखडून. मग मान हलवली. "काही नाही. तपासण्यासारखं काहीच उरलं नाही."

"मग लवकर ये," क्रांती म्हणाली.