मुकं उखळ

"मुसळ कुटं हाय माजं? बऱ्या बोलानं काढा भायेर!"

ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या हैबतरावांचा अडकित्ता हातातच थांबला. थोरल्या वहिनीचा, गोजराबाईचा, असा आवाज त्या घरानं वीस वर्षांत ऐकला नव्हता. ऐन पंचविशीत कुंकू पुसलं गेलं, पदरी तान्हा बहिरू आणि दहा वर्षांचा हा दीर. तेव्हासुद्धा ती माउली ओरडली नव्हती. तेरावं उरकताच तिनं मुसळ उचललं, घरोघरचं भात कांडलं आणि दोघं पोरं मोठी केली. पण गेल्या आषाढात तिचा तो एकुलता एक बहिरू तापानं गेला... आणि दुखवट्याच्या घरात वर्षभर कांडण वाजू नये या भावकीच्या रीतीपायी हैबतरावांनी मुसळं माळ्यावर टाकली.

"वैनी, लई राबलात. आता बसून खायाचं," असं ते म्हणाले, आणि भात शेजारगावच्या, घोटावड्याच्या नव्या गिरणीत जाऊ लागलं. दीर असावा तर असा, म्हणून गावानं वाखाणलं! माया खरी होती हो. पण असल्या मायेला काय जाळायचंय? रिकामे हात मांडीवर घेऊन बसलं, की बहिरूचं शेवटचं "आये, पानी..." कानात घुमायचं. अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना, आणि आतल्या आत कोंडलेला संताप तिचं अंतःकरण पोखरत राहिला.

"वैनी, वरीस तर सरू द्या. भावकी काय म्हनंल?"

"भावकी?" गोजराबाई कडाडली. "तुमचा भाऊ गेला तवा कुटं हुती भावकी? तवा कांडलं म्हनून मी जगले, भावजी! घाम निगायचा तसं दुख निगायचं. आन् आज मला बसवून मारताय? कोपऱ्यात बसून बसून मानूस सडतं हो, सडतं!"

बोलता बोलता तिची नजर माजघराच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथंच खिळली.

तिथं गंगू बसली होती, बहिरूची अठरा वर्षांची विधवा. सहा महिने तिथंच! आणि तिला तिथं बसवलं होतं कुणी? खुद्द गोजराबाईनं. "तू बस गं पोरी, काडी उचलू नगंस," असं म्हणत तिनं रोज तिच्यापुढं ताट सरकवलं होतं, आणि तेही मायेनंच. आज तिनं जवळ जाऊन पाहिलं. सारवलेली भिंत नखांनी उकरून गंगूनं तिथं वाटीएवढा खड्डा पाडला होता. बोटांची टोकं रक्तानं माखली होती.

"अगं माजे बाई... ह्ये काय केलंस?"

"आत्याबाई," गंगूनं तिचा पदर घट्ट धरला, "हाताला कायतरी द्या. न्हाईतर ह्यो जीव ऱ्हायाचा न्हाई!"

गोजराबाईनं तिला उराशी कवटाळलं. सगळा संताप आता स्वतःवरच उलटला. "भावजीस्नी बोल लावत हुते... आन् तुला जित्तेपनी पुरलं ते म्याच गं, म्याच!"

हैबतराव उठले. त्यांनी शिडी लावली, दोन्ही मुसळं खाली काढली, आणि वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. मग स्वतःच पाटीभर भात आणून पडवीतल्या उखळात ओतलं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सासूचा घाव, सुनेचा घाव, एकाच उखळात, एकाआड एक! पहिले घाव नुसत्या रागाचे होते... दैवावर, रीतीवर, त्या मेल्या तापावर. मग गंगूनं हंबरडा फोडला, पण तिचा हात थांबला नाही.

आवाज ऐकून भावकीतले कोंडाजीतात्या काठी आपटत दारात आले. "हैबती! दुखवट्याच्या घरात कांडन? लाज हाय का?"

"दुखच कांडतायत तात्या," हैबतराव उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "सूप धरून पाखडाया लागायचं आसंल तर आत या. न्हाईतर आल्या वाटंनं जावा!"

तात्या पुटपुटत माघारी वळले. कांडण चालूच राहिलं.

त्या दुपारी गंगूनं सहा महिन्यांत पहिल्यांदा ताट पुढं केलं, आणि आणखी भात मागून घेतला.