पाण्याखालची मोटर

दुपारचं जेवण उरकून बासिलिया यांके खाणीकडे निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत टेस्टर, पक्कड आणि कोकाच्या पानांची एक पुडी होती. पुडी खाली पंपावर बसणाऱ्या गुमेरकाकांसाठी. खालच्या पातळीवरचा पंप पुन्हा बंद पडला होता आणि तो बघायला तिला बोलावलं होतं. यात नवं काही नव्हतं. ओरुरो शहराच्या वरच्या अंगाला, त्या उघड्याबोडक्या डोंगरात वारा दिवसभर पत्रे वाजवत असतो. त्या आवाजासारखीच पंपाची तक्रारही आता सदाची झाली होती.

या पंपावर अख्ख्या खाणीची मदार होती. कथिलाची शीर डोंगराच्या पोटात जिथवर उतरली होती, तिथवर पाणीही तिच्या मागोमाग उतरलं होतं. पंप थांबला की शेवटच्या बोगद्यात पाणी चढायला लागायचं. आणि त्या बोगद्यात काम करणाऱ्या टोळीत बासिलियाचा धाकटा भाऊ निकानोर होता.

आधीची मोटर जळाली होती. तिच्यावर जुन्या पद्धतीचा रिले होता, आतली पट्टी तापून वाकली की मोटरीची वीज तोडणारा. तो वरचेवर तोडतो म्हणून मुकादम तापियाने एके दिवशी त्याला तार बांधून गप्प केलं. रिले गप्प बसला आणि मोटर आतल्या आत जळत राहिली. वाइंडिंगच्या त्या कडवट धुरात पंपावरचा माणूस, फ्लोरेन्सियो, बाकावर बसल्या बसल्या गेला. सापडला तेव्हा टोपी नीट मांडीवर ठेवलेली होती. त्याच्या मागून तिथे गुमेरकाका आले. खाणीच्या सहकारी संस्थेने मग नवी मोटर घेतली, आणि तिच्या राखणीला इलेक्ट्रॉनिक रिले. तो बासिलियानेच बसवला. तळहातावर मावेल एवढी डबी, आत हलणारं काहीही नाही. मोटरीकडे जाणाऱ्या तीन तारांवर तिची अखंड नजर. एक तार तुटली, भार वाढला, आस अडकला, की पापणी लवायच्या आत मोटर बंद. वर छोट्याशा पडद्यावर कारणही दाखवायची.

आता तो रिले रोज मोटर बंद पाडत होता आणि कारण एकच दाखवत होता. रोटर, म्हणजे मोटरीचा फिरता भाग, अडकला.

पण अडकलेलं काहीच नव्हतं. पंप थांबला की बासिलिया हाताने आस फिरवून बघायची. तो लोण्यासारखा फिरायचा. तिने बेअरिंगं बदलली, पंप उघडून आतला गाळ काढला, केबल तपासली. शेवटी रिलेच खोटं बोलतोय असं धरून दुसरा आणून लावला. दुसराही तेच बोलला.

खाणीच्या तोंडाशी पॅनेलची खोली होती. तापिया तिथे दाराला टेकून उभा होता. पाणी पोरांच्या गुडघ्याला लागलंय, शीर कधी नव्हे ती जाड लागलीय आणि असल्या वेळी तुझी ही डबी आम्हाला नाचवतेय, असं त्याने बरंच काही सुनावलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला,

"बायपास कर."

"तापिया... मागच्या वेळी काय झालं, विसरलास?"

"मागच्या वेळी मोटरीपाशी जाणतं कोणी नव्हतं. आता तू जाऊन बस ना. हात लावून बघत राहा. जरा तापली की फोन कर, मी इथे बटणापाशी उभा आहे."

तिला निकानोरचे गुडघे दिसत होते, त्यांना लागलेलं ते तांबूस पाणी दिसत होतं. तिने वायरचा बोटभर तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली आणि रिलेच्या पायांत बसवला. रिले आता बघू शकत होता, बोलू शकत होता, पण मोटर थांबवू शकत नव्हता. एवढंसंच काम.

तापियाने बटण दाबलं. खालून केबलमधून यावी तशी एक थरथर जमिनीतून आली. पंप चालू झाला होता.

बासिलिया शिड्या उतरत खाली गेली. वाटेत कोनाड्यात तिओ, खाणकामगारांचा मातीचा देव, बसला होता, तोंडात कोणीतरी खोचलेली सिगारेट अर्धी जळून विझलेली. एरवी ती त्याच्या पायाशी दोन पानं ठेवून पुढे जायची. आज घाईत राहून गेलं, आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं तरी तिला मागे वळावंसं वाटेना.

पंपाची खोली धुऊन पुसून चुना फासला होता, तरी जळालेल्या वार्निशचा वास तिथून गेला नव्हता. आणि आवाज तर एवढा, की माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. गुमेरकाका पालथ्या खोक्यावर बसले होते. बाक रिकामाच होता. त्यांनी पुडी घेतली, पानं गालात धरली आणि तिला स्वतःशेजारी खोक्याच्या कडेवर जागा करून दिली. बाकाकडे दोघांपैकी कोणीच बघितलं नाही.

तिने मोटरीवर तळहात ठेवला.

मोटर गार होती. एवढा वेळ चाललेली मोटर कोमट तरी लागायला हवी. ही ओल्या दगडासारखी गार. बासिलियाने हात काढला, पँटला पुसला आणि दुसरा ठेवला. तोही तसाच गारठला.

तेवढ्यात आवाज उतरायला लागला. वीज गेल्यावर मोटर जशी आपली आपण घरघरत थांबते, तसा नाही. फिरत्या चाकावर कोणी तळवा टेकवावा आणि हलकेच दाबत जावं, तसा. आस तिच्या डोळ्यांदेखत मंदावला, थांबला.

तिने भिंतीवरचा फोन उचलला. बटण का दाबलंस, म्हणून विचारलं.

"मी कुठे दाबलं?" तापिया म्हणाला. "चालू तर आहे."

"बंद आहे... माझ्या समोर बंद आहे."

"बासिलिया, पडद्यावर करंट दिसतोय. तिन्ही तारांत. नेहमीसारखा."

तिने फोन हळूच खाली ठेवला. खोलीत आता फक्त पाण्याची टपटप होती. आणि तिच्या मागे आणखी एक आवाज, इतका बारीक, की पंपाच्या गोंगाटात तो कधी ऐकूच आला नसता. कोरडी वाळू कागदावरून घसरावी तसा. मग थांबून एक लांबट, दुखरी करकर.

गुमेरकाकांचं चघळणं थांबलं होतं.

"लाकूड बोलतंय," ते म्हणाले. "छताचं... शेवटच्या बोगद्यात." त्यांनी बाकाकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. "हा फ्लोरेन्सियो रोज पंप धरत होता, पोरी, हे ऐकू यावं म्हणून... आणि आपण रोज लगेच चालू करत होतो."

ते उठले ते थेट बोगद्यातच शिरले. वय झालेला माणूस, पण पाण्यातून वाट तुडवत किती भराभर गेला. बासिलिया बोगद्याच्या तोंडाशी कंदील धरून उभी राहिली. आतून हाका ऐकू आल्या, शिव्या ऐकू आल्या, हत्यारं टाकल्याचे आवाज आले. मग एकेक दिवा पाण्यावर डुचमळत येऊ लागला. निकानोर ड्रिल खांद्यावर घेऊनच निघाला होता. तिने ते ओढून पाण्यात टाकलं आणि त्याची बाही मुठीत धरली. सगळी टोळी बाहेर आली. शेवटी गुमेरकाकांचा दिवा दिसला.

तो दिवा जागीच थांबला होता. त्याचं तोंड उलटीकडे होतं, आतल्या अंधाराकडे. काका कोणाशी तरी बोलत होते, हळू, समजूत घातल्यासारखं.

"काका, चला... सगळे आले."

"हो, आलोच," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती, थोडी लाज होती, पाहुणचार आवरता घेताना असते तशी. "याने हात धरलाय. सोडतच नाहीये..."

छत कोसळल्याचा आवाज कोणालाच आठवत नाही. आठवतो तो वारा. तोंडावर ओल्या मातीचा एक धपका बसला, सगळे दिवे एकदम विझले, आणि मग माणसं एकमेकांना धरून चाचपडत शिड्या चढत राहिली.

पाणी दोन दिवसांतच पंपघर बुडवून वर आलं. काकांना काढता आलं नाही. रिकामी शवपेटी पुरून सगळे घरी परतले. तापिया कोणाला न सांगता आपल्या बहिणीकडे कोचाबाम्बाला निघून गेला. तो गेल्याचं खरं तर कोणाला वाईटही वाटलं नाही. निकानोरने खाण सोडली आणि ट्रकवर कामाला राहिला. बासिलिया मात्र संस्थेचीच विजेची कामं बघत राहिली. दुसरं येत होतं काय तिला?

काही आठवड्यांनी पलीकडच्या खाणीला रिले हवा होता. आपल्या पॅनेलमधला पडूनच आहे, तो काढून आण, असं तिला सांगितलं गेलं. स्वच्छ ऊन पडलं होतं. पॅनेलच्या खोलीत ती शिरली, तेव्हा बाहेर बायका दगड फोडत हसत बोलत होत्या. मुख्य स्विच पाडलेला होता. खाली जाणारी केबल तिने स्वतःच कापली होती. तिचं टोक अंगणात उन्हात पडलेलं दारातून दिसत होतं. आधी मारलेली वायर काढून टाकावी, रिलेची जुनी आठवण पुसावी आणि मग तो उतरवावा, म्हणून तिने फक्त त्या डबीपुरती वीज दिली.

पडदा उजळला.

पहिल्या तारेखाली करंटचा आकडा होता. अगदी लहान. तो हळूहळू वाढला, थोडा थांबला, हळूहळू उतरला.

बासिलिया बाहेर गेली. केबलचं कापलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. तांबं उन्हाने तापलं होतं. ती परत आत आली.

आता दुसऱ्या तारेखालीही आकडा होता. पहिला उतरला की दुसरा चढायचा. तो उतरला की पुन्हा पहिला. घाई नाही, गडबड नाही. दोन माणसांनी शेजारी बसून, मध्ये पानं चघळत, आळीपाळीने बोलावं तसं.

तिने वीज बंद करायला हात उचलला आणि तो तसाच राहिला.

तिसऱ्या तारेखाली अजून शून्य होतं.